भोपळ्याची माफी

आमच्या घरात भोपळा हा कधीही भांडणाचा विषय नव्हता, हे मी आधीच सांगून ठेवतो. आठवड्यातून एकदा भाजी, श्रावणात घारगे आणि लहानपणी गणिताच्या मास्तरांनी पाटीवर काढून दिलेला एक, एवढाच माझा त्या फळाशी संबंध. तरीही सोलापुरातल्या एका पगारदार माणसाला, ज्याच्या सहीशिवाय निम्म्या पेठेला पिठाची गिरणी घालता येत नाही अशा माणसाला, भोपळ्यापायी तोंडाला काजळी फासून भर अंगणात उभं राहावं लागलं. लोक त्याला माझा मूर्खपणा म्हणतात. मी त्याला परिस्थिती म्हणतो.

महानंदा, म्हणजे आमचं कुटुंब, सातव्या महिन्यात बाळंतपणासाठी मैंदर्गीला माहेरी गेली होती. पहिलंच बाळंतपण. तिला न्यायला आलेल्या सासूबाई सिद्धम्मा निघताना उंबऱ्यात थांबल्या आणि मला म्हणाल्या, "आता बारशालाच या, जावईबापू." हे आमंत्रण होतं की मनाई, याचा मी पुष्कळ विचार केला. आमच्याकडे बायको बाळंतपणाला गेली की नवऱ्यानं मागं मागं जायचं नसतं. गेलाच तर गाव म्हणतं, ह्याला दोन महिने दम निघेना. तसा तो मला निघतच नव्हता, पण तसं गावाला कळू द्यायचं नसतं.

घर खायला उठतं असं म्हणतात ते खोटं आहे. घर काही करत नाही, नुसतं बघत बसतं. महानंदेला एक खोड होती. रात्री मी वर्तमानपत्र वाचत बसलो की अर्ध्यावर आल्याबरोबर ती "डोळे बिघडतील" म्हणून कंदील उचलून घेऊन जायची. लग्नाला तीन वर्षं झाली, पण एकाही बातमीचा शेवट मला कळला नव्हता. त्यावरून मी किती चिडलो असेन! आता मात्र मी पहिल्या पानापासून दंतमंजनाच्या जाहिरातीपर्यंत सगळं वाचत होतो, कंदील जागेवर होता, आणि अक्षर डोक्यात शिरत नव्हतं. मला तिची फार आठवण येत होती. हे असं सरळ लिहिताना आजही जरा कानकोंडं होतं, पण खरं आहे.

आणि त्यात मफीनचं प्रकरण.

महानंदा मिशनच्या शाळेत दुपारी शिवण शिकायला जायची. तिथली मडम हिच्यावर फार लोभ करायची. माहेरी जाणार म्हणून तिनं हिला रुमालात बांधून चार मफीन दिले. मफीन म्हणजे वाटीएवढा, वर फुगलेला, मऊ मसालेदार गोड पाव, आणि हा तर लाल भोपळ्याचा. अंडं नव्हतं. मडमेनं आमच्यासाठी मुद्दाम बिनअंड्याचे केले होते, आणि ही गोष्ट आमच्या नात्यात अजून शपथेवर सांगावी लागते. महानंदेनं ते आगगाडीत खायला राखून ठेवले होते. मी आपली गंमत म्हणून म्हणालो, "हा घारगाच आहे, फक्त ह्याला बाळसं धरलंय." बोलता बोलता एक उचलला. चव नीट कळावी म्हणून दुसरा. तीन खाल्ले असं ती म्हणते. मी अडीच म्हणतो. उरलेला अर्धा मुंग्यांनी खाल्ला, पण मुंग्यांना कोण बोलणार? सकाळी टांग्यात बसेपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. टांगा कोपऱ्यावर वळताना तिनं मागं पाहिलं, पण ते माझ्याकडे की राहिलेल्या बोचक्याकडे, ते ठरवता आलं नाही.

मैंदर्गीची खबरबात आणायचा तो धुळाप्पा. दर मंगळवारच्या बाजाराला शेरडं विकायला घेऊन यायचा, आणि सासऱ्यांच्या ओळखीचा म्हणून आमच्या दारावरून जायचा. त्या मंगळवारी तो आला तेव्हा त्याची दोन करडं शेजारच्या मथुराकाकूंच्या तुळशीकडे निघाली होती आणि त्याचं सगळं लक्ष तिकडे होतं.

"धुळाप्पा, काय म्हणतात मैंदर्गीला?"

"समदं ब्येस हाय. ताईसाबांनी निरोप दिलाय तुमास्नी." तो करडाचा कान धरून थांबला. "काय बरं? हां. म्हनल्या, मालकास्नी सांग, माफी न्हाय."

"काय?"

"माफी न्हाय. दोनदा म्हनल्या. मी म्हनलं, येवढंच व्हय ताईसाब? तर म्हनल्या, त्यास्नी कळंल."

मला कळलं. बाई माहेरी जाते, महिनाभर विचार करते आणि शेरडांच्या कळपाबरोबर निरोप पाठवते की माफी नाही! बरं, तेही अडीच मफीनसाठी. आणखी काही म्हणाल्या का, हसत म्हणाल्या की रडत, असं मी विचारत राहिलो, पण तोवर करडांनी तुळस गाठली होती, काकूंनी लाटणं उचललं होतं आणि आमचं टपाल बोळाच्या तोंडाशी पोचलं होतं.

त्या संध्याकाळी मी ठरवलं. जे खाल्लं ते परत करायचं. पुढच्या मंगळवारी धुळाप्पाबरोबर मैंदर्गीला भोपळ्याचे मफीन गेलेच पाहिजेत, आणि ते मी स्वतःच्या हातांनी केलेले असले पाहिजेत. मडमेकडे जावं तर ती हवापालटाला डोंगरावर गेलेली. तरी माझा निश्चय ढळला नाही. ज्या माणसाला कृती ठाऊक नसते त्याचा निश्चय सहसा ढळत नाही.

भाजीबाजारात सोनाबाईसमोर भोपळे होते. आपल्याकडे त्याला डांगर म्हणतात. मी म्हटलं, "अर्धं दे."

"अर्धं कसं देऊ? बाईमानसं डांगराला पयली सुरी लावत्यात व्हय? तुमी फोडा, मग तुकडं करून देते."

आता आली का पंचाईत! बाईनं अख्खा भोपळा फोडायचा नाही, हे बरोबर. पण बायको गरोदर असताना नवऱ्यानंही भोपळा-नारळ फोडायचा नसतो. हे मी सोनाबाईच्या कानाशी जाऊन हळू सांगितलं. ती चारी दिशांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आत्ता गं बया! कितवा म्हैना?" कांदेवाल्यानं माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. मी घाईघाईनं अख्खा भोपळा घेतला, उपरण्यात गुंडाळला आणि छातीशी धरून निघालो. वाटेत आमचे हेडक्लार्क भेटले. त्यांनी उपरण्याकडे पाहिलं, चष्मा वर केला आणि म्हणाले, "वा! लवकर झालं म्हणायचं. मुलगा की मुलगी?" मी वरच्या अधिकाऱ्याला आजवर कधी उलट उत्तर दिलं नव्हतं. तेव्हाही दिलं नाही. "भोपळा," एवढंच म्हणालो. त्यांना ते उद्धटपणाचं वाटलं असावं.

आमच्या वरच्या मजल्यावर तीन बिऱ्हाडं. एक माझं, एक मथुराकाकूंचं आणि एक चन्नप्पा भुसारी आणि त्यांच्या गौरम्माचं. भोपळा व्हरांड्यात ठेवल्याबरोबर सभा भरली. मथुराकाकूंनी आयुष्यात मफीन पाहिला नव्हता, त्यामुळे त्यांना बोलायला अडचण नव्हती.

"हे बघ मल्लिनाथा, घारग्याच्या पिठात पानी जादा झालं, की जे बिगडतंय त्येच मफीन. मी लई येळा केलंय. टाकून दिलं, येवढंच."

गौरम्मा म्हणाल्या, "अय्यो अण्णा, फुगायला सोडा पायजे. आनि आंबट दही. आमच्या चुलतीनं ढोकळ्यात घातलं होतं. झाकण उडालं की!"

"आणि मसाला," मी म्हटलं. "मसाल्याचं मफीन असतं ते."

काकूंनी लगेच आपल्या काळ्या मसाल्याची बरणी आणली. पेठेत त्या मसाल्याची कीर्ती होती. नुसतं झाकण उघडलं तरी जिन्याखालचा माणूस शिंकायचा. तो मसाला नव्हे, दालचिनी, जायफळ, सुंठ, असं मी समजावून सांगितलं. काकूंनी बरणीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "बायकू तुजी हाय," म्हणाल्या आणि बरणी पदराखाली घेतली. मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

राहिला प्रश्न फोडायचा. साऱ्या माळ्यावर निर्दोष पुरुष म्हणजे चन्नप्पा. वय पंचेचाळीस, चार मुलांचे बाप, धंदा तराजूचा. पण ते सोमवारी लोखंड हातात धरत नसत आणि मंगळवारी गिऱ्हाइकाशिवाय कुणाचं काम करत नसत. बुधवारी सकाळी मात्र आंघोळ करून, कपाळाला विभूती लावून, कोयता घेऊन आले. मांडी ठोकून भोपळ्यासमोर बसले. आम्ही सगळे भोवती उभे. त्यांनी "हर हर" म्हणून कोयता उचलला.

"बेडा री!" दारातून गौरम्मा ओरडल्या. नको हो, नको!

कोयता वरच थांबला. सगळ्यांनी वळून पाहिलं. गौरम्मा पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत उभ्या होत्या. मथुराकाकूंनी गालावर बोट ठेवलं. "आगं, खरं काय गं?" आणि गौरम्मांनी तोंडावर पदर ओढून घेतला. चन्नप्पांना आधी काहीच उमगलं नाही. मग हळूहळू त्यांना हिशेब लागत गेला. पाचवा! धाकटा शाळेत जायला लागल्यानंतर! त्यांनी कोयता खाली ठेवला तो भोपळ्याला धक्का देत. भोपळा हलला, पाटावरून उतरला, कुणाला काही सुचायच्या आत जिन्याशी गेला आणि एकेक पायरी नीट मोजत खालच्या फरशीवर जाऊन फुटला.

"आपसूक फुटला," काकूंनी वरून निकाल दिला. "कुनाला दोष न्हाय. उचला."

चन्नप्पा तिथंच बसले होते. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. ते म्हणाले, "अण्णा, तुमच्या एका भोपळ्यानं दोन घरं गाठली की." मग उठले, दुकानात गेले, आणि दुपारी पोरगं पाठवून मला पायलीभर गहू फुकट धाडले. आनंदानं की धक्क्यानं, ते मी विचारलं नाही. संध्याकाळी मात्र व्हरांड्यातून त्यांचं आणि गौरम्मांचं हलक्या आवाजातलं बोलणं ऐकू येत होतं. मी दार लावून घेतलं. दुसऱ्याचं सुख ऐकायला माझी ना नव्हती, पण त्या दिवसांत ते जरा मोठ्यानं ऐकू यायचं.

जमवाजमवीत सोमवार उजाडला. भोपळा शिजला, पीठ दळून आलं. साचा कशाचा करायचा? पितळेच्या वाट्या होत्या, पण कल्हई उडालेली. आंबट दह्यानं पीठ कळकलं असतं आणि जिची माफी मागायची तिलाच विषबाधा झाली असती. कल्हईवाला नातेपुत्याच्या बाजाराला गेलेला. शेवटी कुंभाराकडून नव्या पणत्या आणायचं ठरलं. आकार अगदी मफीनचा, आणि मातीला भाजायची सवय असतेच. मी पणत्या आणायला गेलो तेवढा वेळ कालवलेलं पीठ काकूंच्या राखणीत होतं. परत आलो तेव्हा काकू हात धूत होत्या. का धूत होत्या, हे मला विचारावंसं वाटलं नाही.

आता भट्टी. बेकरीवाल्या करीमचाचांकडे आधीच चौकशी करून आलो होतो. ते म्हणाले होते, "कद्दू का मफीन? नक्को बाबा! हमारी भट्टी कू पाव की आदत है, शरमा जाएगी." तेव्हा भट्टी घरीच केली. अंगणात तीन विटा, त्यांवर घासलेटचा रिकामा डबा आडवा, डब्यात वाळू, वाळूवर पणत्या, डब्याला पत्र्याचं झाकण आणि झाकणावर निखारे. दिसायला ती आगगाडीच्या इंजिनासारखी दिसत होती. धूरही तसाच देत होती. मी फुंकणीनं फुंकत होतो, तोंडाला काजळी लागली होती, आणि त्याच वेळी बोळातून आमच्याच कचेरीचा शिपाई धोंडीराम आला.

त्याच्या हातात कागद होता. "राहत्या जागेत विनापरवाना भट्टी घातल्याचे निदर्शनास आल्यावरून, सबब..." मी वाचू लागलो. आमच्या परवाना शाखेत अशा नोटिसा आधीच लिहून ठेवतात, नुसतं नाव-गाव भरायचं राहतं. त्या लिहून ठेवायचं काम माझं. अक्षर वळणदार होतं, हे मला तशाही स्थितीत जाणवलं.

धोंडीरामनं मला ओळखलंच नव्हतं. ओळखल्यावर त्यानं आधी नमस्कार केला आणि मग नोटीस पुढं केली. "आरं द्येवा, तुमी हाय व्हय? धुराची तक्रार आलीया. सही करा, सायेब."

"परवाना घेतला तर?"

"घ्या की. पर तुमीच सांगता समद्यास्नी, म्हैना लागतो."

काकू मध्ये पडल्या. "भट्टी कुटं हाय? ही चूल हाय. टोपी घातल्याली चूल."

धोंडीराम विचारात पडला. नोटिशीत एक रकाना होता, भट्टीत काय भाजतात. खाली मान्य पदार्थांची यादी होती, पाव, बिस्कुट, खारी, चणे-फुटाणे. "ह्यात काय लिवू?"

"मफीन," मी म्हणालो.

"त्ये यादीत न्हाय."

आणि तेव्हा माझ्यातला कारकून काजळीखालून जागा झाला. जो पदार्थ यादीत नाही त्याची भट्टी ही भट्टीच नव्हे, हा नियम मी पुष्कळ गरिबांना पुष्कळदा ऐकवला होता. तो असा घरी कामी येईल असं वाटलं नव्हतं. धोंडीरामला तो पटवायला अर्धा तास लागला. तो नोटीस घेऊन परत गेला, मी विजयी मुद्रेनं वळलो, आणि काकू म्हणाल्या, "तुमचं कायद्याचं सपलं आसंल तर सांगते, मगाधरनं वास येतोय."

वरून काळे, खालून पणतीला घट्ट. मी सुरीनं एक सोडवू पाहिला, तर पणतीच फुटली आणि मफीन तिच्यासकट हातात आला. पण मध्ये, काळ्याच्या आत, थोडा भाग लाल, मऊ, ओलसर होता. मी तेवढाच खाल्ला असता, पण मला आणखी एका मफीनची जबाबदारी नको होती. बाकीच्या पणत्या तशाच टोपलीत रचल्या, वर पांढरं फडकं बांधलं आणि मंगळवारची वाट पाहत बसलो.

मंगळवारी धुळाप्पा आला नाही.

मी दुपारपर्यंत दारात उभा. बाजार भरला, बाजार उलगला, सगळ्या गावांची शेरडं आली, पण मैंदर्गीची नाहीत. कुणीतरी सांगितलं, त्याची शेळी अडली आहे. काकूंनी फडकं वर करून वास घेतला. "ह्ये उद्याच्याला टिकत न्हाय. आत्ता जा."

"मी? न बोलावता? सासूबाई म्हणाल्या आहेत, बारशालाच..."

"मग बारशाला ह्येच वाडायचं हाय का?" म्हणून काकूंनी टोपली माझ्या हातात दिली. मग जरा थांबून म्हणाल्या, "जा रं. तोंड बग की आरशात. म्हैनाभर तुजं काय चाललंय ते भिंतीपल्याड कळतंय मला. वर्तमानपत्र काय मोठ्यानं वाचत्यात व्हय?"

मोठ्यानं वाचत होतो, हे मलाच ठाऊक नव्हतं. ऐकणारं कुणी नसताना माणूस असं करतो.

हेडक्लार्ककडे एका दिवसाची रजा मागितली. "भोपळ्याची प्रकृती कशी आहे?" त्यांनी विचारलं. आगगाडीत टोपली मांडीवर, पुढं बैलगाडीतही मांडीवर. सगळी वाट मी बोलणं जुळवत होतो. आधी नमस्कार. मग, सहज आलो होतो. मैंदर्गीला सहज कुणी येत नाही, हे आठवून ते खोडलं. मग, माफी असो वा नसो, हे घे. पण सासूबाईंसमोर असं बोलणार कसं? आणि तिनं तोंड फिरवलं तर? सोलापुरात निदान ती रागावली आहे अशी नुसती खबर होती. इथं ते डोळ्यांनी पाहावं लागणार होतं. गाव दिसू लागलं तेव्हा मला वाटलं, गाडीवानाला म्हणावं, बैल वळव.

सिद्धम्मा सोप्यातच जोंधळे निवडत होत्या. त्यांनी मला पाहिलं, पदर सावरला, मग टोपलीवरचं फडकं उचललं. आत ओळीनं काळ्या पणत्या.

"दिवाळी अजून लांब हाय की वो, जावईबापू."

मी म्हणालो, "नाही, ते... निरोप आला होता. धुळाप्पाकडून."

धुळाप्पा अंगणाच्या कडेला सासऱ्यांकडे शेळीसाठी औषध मागायला आला होता. नाव ऐकून पुढं झाला. "व्हय, मी बराबर दिलता निरोप. माफी न्हाय!"

आतल्या दाराआड कुणीतरी हसलं. ते हसू मी कुठंही ओळखलं असतं. सोलापूरच्या सगळ्या गिरण्यांचे भोंगे एकदम वाजत असते तरी ओळखलं असतं.

"मफीन!" दाराआडून आवाज आला. "मफीन म्हटलं होतं मी. मफीन पाहिजे, मफीन!"

"तेच की," धुळाप्पा म्हणाला, "माफी न्हाय."

सिद्धम्मांनी सूप खाली ठेवलं. "म्हंजे हेच व्हय ते? पंधरा दिस झालं, रोज पुसते, काय खावंसं वाटतंय गं? चिंच म्हनत न्हाय, बोरं म्हनत न्हाय. मफीन म्हनती. आता ते झाडाला लागतंय का शेतात पिकतंय, मला काय ठावं? म्हनती, त्यास्नीच ठावं." त्या टोपलीकडे बघत राहिल्या. लेकीचे डोहाळे पुरवायला जावई काळ्या पणत्या घेऊन धावत आला, याचा राग मानावा की कौतुक करावं हे त्यांचं ठरेना. शेवटी "बसा, च्या टाकते" म्हणून आत गेल्या. धुळाप्पाला त्यांनी जाताना नजरेनंच अंगणाबाहेर काढलं.

महानंदा दारात आली. चेहरा भरला होता, पाय सुजले होते, चौकटीला धरून सावकाश बसली. मी जुळवलेलं एकही वाक्य मला आठवेना. तिनं एक पणती उचलली, उलथन्याच्या टोकानं काळं खरवडून काढलं, आतलं लाल थोडं जिभेवर ठेवलं. थांबली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"ह्यात मथुराकाकूंचा काळा मसाला आहे."

"छे! दालचिनी, जायफळ, सुंठ. मी स्वतः..."

"काळा मसाला आहे," ती म्हणाली. "आपल्या जिन्यात येतो तोच वास." पदरानं डोळे पुसले आणि दुसरा घास घेतला. मसाला तिखट होता म्हणून पाणी आलं की कशानं, ते मी विचारलं नाही.

"कसं झालंय?"

"फार वाईट." तिनं तिसरा घास घेतला.

"मग खातेस कशाला? मी पुन्हा करीन. मडम आली की नीट विचारून..."

"मला मफीन नकोच होतं."

ती खाली, पणतीत बघत बोलली. "अव्वा रोज विचारते, काय पाहिजे, काय पाहिजे. चुलत्या, आत्या, साऱ्या भोवती बसलेल्या असतात. जे पाहिजे ते त्यांच्यासमोर बोलता येतं का? डोहाळे खाण्यापिण्याचेच सांगायचे असतात. मग म्हटलं, इथं मिळत नाही आणि तुम्हालाच घेऊन यावं लागेल असं काहीतरी सांगावं." मग जरा हसून म्हणाली, "तुम्ही धुळाप्पाबरोबर पाठवून दिलं असतंत तर मग मात्र माफी नव्हती."

त्या अडलेल्या शेळीचं मी मनातल्या मनात भलं चिंतलं. मला खूप काही सांगायचं होतं. सोनाबाई, हेडक्लार्क, गौरम्माचा पाचवा, धोंडीरामची नोटीस. पण तोंडातून भलतंच निघालं.

"हल्ली वर्तमानपत्र शेवटपर्यंत वाचावं लागतं," मी म्हणालो.

काजळी राहिली होती तिथं, माझ्या कानाजवळ, तिनं पदराचं टोक लावून पुसलं. मग पुटपुटली, "डोळे बिघडतील."

आतून कपबश्यांचा आवाज आला आणि पाठोपाठ सिद्धम्मांचा. "काय गं, पुरलं का डोहाळं? गाडीवान इचारतोय, थांबू का जाऊ."

महानंदेनं माझ्याकडे पाहिलं. मग उरलेल्या पणत्यांची टोपली पायानं हळूच दाराआड सारली आणि माजघरात ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "न्हाय गं अव्वा! अजून न्हाय!"